पुसलेला श्वास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी कुणाला घरी सोडायला येणार नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय हे. जुन्या टेपा साफ करून देणं हा त्याचा धंदा. कान जपायला एरवी कापूस घालून हिंडायचा, म्हणून आम्ही त्याला कापूसच म्हणायचो.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्याकडे एक बाई टेप घेऊन आल्या. त्यांचे वडील नावाजलेले व्हायोलिनवादक. त्यांची शेवटची रचना आगीत गेली असंच सगळे धरून चालले होते, आणि टेप निघाली माळ्यावर, शिलाई मशीनच्या खोक्यात! वडील गेले तेव्हा बाई परगावी होत्या, शेवटची भेट राहून गेली होती. "मला एकदा बाबा ऐकायचेत," एवढंच म्हणाल्या.

टेप इतकी जीर्ण, की एकदाच वाजली आणि वाजता वाजता तिची भुकटी झाली. उरलं ते कॉम्प्युटरवर. साफ न केलेली मूळ प्रत बाजूला ठेवायची, ही या धंद्यातली शिस्त. पण कापसाला स्वतःच्या हाताची घमेंड. खरखर काढली, वाजवणाऱ्याचे मधले श्वास पुसले आणि साफ प्रत जुनीवरच चढवली.

ऐकून बाईंचा फोन आला. "सूर आहेत हो सगळे. पण बाबा कुठेत?" वाजवताना वडिलांच्या नाकातून बारीक शिट्टी यायची, लहानपणी त्या तीच ऐकत झोपायच्या. उद्या देतो, अशी थाप मारून कापसानं फोन ठेवला.

ती दुसऱ्या शनिवारची रात्र. दोन वाजून गेलेले. कॉम्प्युटरचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, जुनी प्रत कुठेच नाही. हताश होऊन त्यानं हेडफोन काढले.

शिट्टी...

बारीक. खुर्चीच्या मागून.

पंखा बंद. खिडकी बंद. त्यानं कानात कापूस कोंबला.

शिट्टी आता कापसाच्या आत...

वळायची हिंमत नव्हती. त्यानं रेकॉर्डिंगसाठी माईक सुरू केला, रचना लावली आणि म्हणाला, "चुकलं माझं. माझं काय हवं ते घ्या. पण तिला भेटा."

मागे कुणीतरी श्वास घेतला... मग सूर आला.

पुन्हा श्वास... पुन्हा सूर.

शेवटपर्यंत.

सकाळी बाईंनी ऐकलं. डोळे मिटून बसल्या. मग "बाबा" म्हणाल्या आणि पोटभर रडल्या.

कापूस ठणठणीत आहे, काळजी नको. कालच त्यानं मला फोनवर बोलून निरोप पाठवलाय, हा भला लांबलचक. घ्या, कानाला लावा. बोलतोय, बोलतोय... मध्ये कुठे श्वास घेताना ऐकू येतो का बघा.

मला तरी नाही सापडला.