मामाची करंगळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे जा. मला कुणाची मनधरणी करायची नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारत नाही. ती थापा ऐकूनही घेत नाही.

भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्याने कुणी ठरवलं, त्याला त्या दिवशी तिथे नेऊन बसवायला हवं होतं. सुट्टीचा दिवस. टळटळीत दुपार. इमारतीत चिटपाखरू नाही.

आणि तळघरातल्या खोलीत मावशी एकटी...

मावशी एका सिक्युरिटी कंपनीत हत्यारं सांभाळते. रक्षकांची पिस्तुलं खोलायची, नळीत गज घालून काजळी काढायची, चिंधीने पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि जोडून परत द्यायची. तिच्या आधी हे काम माझा मामा करायचा. मावशी त्याच्याच हाताखाली शिकली.

मामाचा एक हट्ट होता. आधी मुठीतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमध्ये, गोळी बसते त्या पोकळीत, बघायचं. आणि बघून झालं तरी आत करंगळी घालून चाचपायचं. डोळा फसतो, बोट फसत नाही, म्हणायचा. घरी चहाचा डबा रिकामा झालाय हेसुद्धा तो आत बोट घातल्याशिवाय मानायचा नाही. मामी वैतागायची. शिकवताना कुणाचं चुकलं तर मामा ओरडायचा नाही. मागे उभा राहून नुसता खाकरायचा.

असा माणूस... पिस्तूल साफ करताना गोळी लागून मेला.

चेंबर न तपासता चाप ओढला, म्हणाले. त्या जातीच्या पिस्तुलाची स्लाइड काढायची तर आधी चाप ओढावाच लागतो. गोळी सुटली, दगडी भिंतीवर आपटून उलटी फिरली. साहेबांनी सगळ्या रक्षकांसमोर सांगितलं की हा हलगर्जीपणाचा बळी. मग खोलीत वाळूची बादली आणून ठेवली, यापुढे तिच्याकडे रोखूनच चाप ओढा म्हणून. वरातीमागून घोडं.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. मामाची जागा तिने मागून घेतली. दादाचं नाव जिथे मळलं तिथेच धुऊन काढीन, म्हणाली.

चौकशी संपली आणि ते पिस्तूल परत आलं. कापडी पिशवीत, गंज चढलेलं. साहेबांचा निरोप आला की साफ करून नव्या रक्षकाला देऊन टाका. दारावरचा पैलवान, एरवी दोन माणसं बगलेत धरून नेणारा, पिशवी टेबलावर ठेवून जो पसार झाला तो दिवसभर दिसला नाही.

मावशीने पदर खोचला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या खोलीत एकही गोळी नव्हती. सगळ्या गोळ्या वरच्या मजल्यावर, साहेबांच्या कुलपात.

मॅगझिन काढलं. रिकामं.

स्लाइड ओढली. बघितलं. करंगळी घातली. रिकामं.

पिस्तूल वाळूकडे रोखलं. बोट चापावर नेलं...

मागे कुणीतरी खाकरलं.

मावशीने वळून बघितलं. दार बंद. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं.

"दादा, बघितलंय मी," ती जराशी फणकाऱ्यानेच म्हणाली. बोट पुन्हा चापावर...

पुन्हा खाकरलं. अगदी कानाशी.

खाकरलं की थांबायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिने चापावरून बोट काढलं आणि स्लाइड पुन्हा ओढली.

खटक.

चेंबरमधून एक गोळी उडाली, टेबलावर घरंगळत गेली आणि तेलाच्या वाटीला टेकून थांबली. जुनी, हिरवट पडलेली.

दुसरं कुणी असतं तर पायात चप्पल न घालता पळालं असतं. मावशी खुर्ची ओढून समोर बसली. चेंबर परत तपासलं, डोळ्याने आणि बोटाने. रिकामं. पिस्तूल खाली ठेवलं आणि टक लावून बघत राहिली. कुणी शिवलं नाही. काही हललं नाही.

जरा वेळाने... आतून बारीक आवाज आला. दाढेखाली खडा यावा तसा.

तिने स्लाइड ओढली. दुसरी गोळी.

तेव्हा मात्र मावशी रडली. भीतीने नव्हे. दादाने तपासलं होतं म्हणून. करंगळी घालून तपासलं होतं, आणि तरी तो गेला होता.

डोळे पुसून तिने साहेबांना फोन लावला. सुट्टी मोडली म्हणून ते कुरकुरतच आले. मावशीने त्यांना चेंबर बघायला लावलं. करंगळीही घालायला लावली. रिकामं आहे, ते म्हणाले. मग तिने पिस्तूल टेबलावर ठेवून घेतलं आणि बसा म्हणाली, चहा येतोय. चहा कुठून येणार होता, कपाळ. साहेब बडबडत राहिले, भावासारखंच बहिणीचंही डोकं ठिकाणावर नाही वगैरे.

बोलण्याच्या नादात त्यांना तो बारीक आवाज ऐकू आला नाही.

मावशीला आला.

"आता ओढा चाप. वाळूत."

खोली हादरली. वाळू छतापर्यंत उडाली.

"तपासलं होतंत ना, साहेब?" मावशीने शांतपणे विचारलं. "मग हलगर्जी कोण?"

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी पुन्हा सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की दोष माणसाचा नव्हता, पिस्तुलातच खोट होती. कसली खोट, ते कुणी विचारलं नाही. मामीला हे कळलं तेव्हा तिने चहाचा रिकामा डबा उघडला, आत बोट घातलं आणि ढसाढसा रडली.

इथे हे संपायला हवं होतं...

पण मावशीने कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या दोन्ही गोळ्या नाहीशा झाल्या. बादलीतली वाळू चाळली, तर त्यातही काही मिळालं नाही. पिस्तूल भट्टीत वितळवायला धाडलं, साहेब स्वतः सोबत गेले. मावशीने त्यांना विचारलं, वितळताना बघितलंत का. बघितलं, ते म्हणाले. या डोळ्यांनी बघितलं.

डोळ्यांनी...

तेव्हापासून कुठलंही पिस्तूल आलं की, न जाणो तेच असेल म्हणून, मावशी ते तपासते, वाळूकडे तोंड करून ठेवते आणि समोर हाताची घडी घालून बसते. "ये," म्हणते. "मी इथेच आहे." खाकरणं मात्र त्या दिवसानंतर तिला कधीच ऐकू आलेलं नाही.

परवा मी तिला म्हटलं, बास झालं, सोड ही नोकरी. तर माझ्याचकडे डोळे वटारून म्हणाली, "मी उठले तर त्या खुर्चीत कुणीतरी बसेलच ना? मग त्याच्या मागे खाकरायला कोण असेल?"