नवलांक तीन

२०४१ साली घरात कुणाचा फोन आधी घ्यायचा, हे भिंतीवरची पेटी ठरवायची. आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि गर्दी झाली की काही तुकडे मागे पडतात. म्हणून पेटी प्रत्येकाचा 'नवलांक' काढायची. माणूस पुढे काय बोलेल ते ओळखता येत नसेल, तर अंक मोठा आणि वाट मोकळी. ओळखता येत असेल, तर तुकड्यांसाठी ताटकळायचं कशाला? पेटी ते त्याच्याच आवाजात भरून टाकायची.

हेरंब खानोलकर देवगडजवळ समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, बायको सुमेधा मिरजेत. सुट्टीत घरी आल्यावर त्याने पेटीवरची यादी पाहिली. सगळ्यात वर वहाळकर, सुमेधाचा कॉलेजातला नाटकवाला मित्र: एक्क्याण्णव. सगळ्यात खाली हेरंब: तीन. गॅस नोंदवून घेणाऱ्या यंत्रालाही चार होते.

सुमेधा बाजारात गेल्यावर त्याने पेटीवाल्या भोगलेबाईंना बोलावलं.

"हा वहाळकर वर कसा?"

"परवा त्यांनी ताईंना विचारलं, बदकाला गुडघा असतो का. हे कुणी ओळखावं?"

"आणि मी?"

"जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. साहेब, आठ महिन्यांत पेटीने तुमचा एकही तुकडा मागवलेला नाही."

"मग तिच्याशी बोलत कोण होतं?"

"तुम्हीच. म्हणजे तुमच्यासारखंच. पेटी शिकते ना, ताई कशाला हसतात ते लक्षात ठेवते. हल्ली तुम्ही ठेवल्यावरही वीसेक मिनिटं चालतं."

वहाळकरवरचा राग हेरंब तिथेच विसरला. बदकवाल्याशी भांडता तरी आलं असतं.

कामावर परतल्यावर पुढचे तीन आठवडे तो पवनचक्कीवर उभा राहून एकच वाक्य घोकत होता: सुमेधा, तुझ्या हसण्याचा मला हेवा वाटतो, कारण मी तिथे नसतो. मग न कळवता तो मिरजेला आला. स्टँडवरून सवयीने फोन केला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. दहा मिनिटांत तो दारात होता.

सुमेधाने दार उघडलं. फोन कानालाच, डोळ्यांत हसून आलेलं पाणी.

"अय्या, आलात? चप्पल काढा, बसा. दोन मिनिटं हं, ह्यांचा फोन आहे."

हेरंब म्हणाला, "सुमेधा, तुझ्या हसण्याचा..."

तिने हातानेच त्याला थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाली, "नाही हो, तुम्ही बोला. काही महत्त्वाचं नाही."