नाथाजीची झोप

दिवाळी होऊन गेली होती, उसाला पाणी हवं होतं, आणि पाटाच्या पाण्याची पाळी या खेपेला रात्रीची आली होती. साळूबाईनं भाकरी फडक्यात बांधली, घोंगडी काखेत मारली आणि ती नवऱ्यापाठोपाठ मळ्याच्या वाटेला लागली. बायामाणसांनी रात्रीच्या पाण्याला जायची कऱ्हाडच्या त्या अंगाला रीत नव्हती. तरी तिला घरातून कोणी अडवलं नाही. सासूनं, बनुबाईनं, कंदिलाची काच पुसून दिली. सासऱ्यानं, कोंडीबानं, लेकाच्या हातात खोरं दिलं आणि तो गोठ्याकडे वळला.

नाथाजी उन्हाळ्यात लढाईवरून परत आला होता. इटलीत होता. हातपाय धड घेऊन आला, म्हणून गावानं देवाला नारळ फोडले. पण झोप तेवढी तो तिकडंच ठेवून आला होता. अंथरुणावर पाठ टेकायचा आणि दिवा मालवला की उठून उंबऱ्याशी बसायचा. भिंतीला पाठ, नजर अंगणात, मनगटावर पलटणीतलं घड्याळ टिकटिकत. कोंबडा आरवेपर्यंत तसाच. दिवसा औतामागं चालता चालता डोळे मिटायचे, आणि बैलानं मान हलवली तरी दचकून जागा व्हायचा.

उपाय म्हणाल तर एकही सोडला नव्हता. साळूबाई जायफळ उगाळून म्हशीच्या दुधात द्यायची. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची; तळवे काळे व्हायचे, तिचे हात भरून यायचे, आणि नाथाजी छताकडे बघत पडलेला असायचा. शेजारच्या रंगुबाईनं उशीत खसखस भरून दिली. कोणी म्हणालं डोकं पूर्वेला करा, कोणी म्हणालं रात्री जेवू नका. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी खारट औषधाची बाटली दिली, तीही संपली. शाळेचे विष्णुपंत मास्तर म्हणाले, कंटाळवाणं काही वाचून दाखवलं की माणूस हटकून झोपतो. ते एका संध्याकाळी जमीन महसुलाच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि वाचायला बसले. सकाळी मास्तरच जोत्यावर घोरत होते. नाथाजीनं त्यांच्या अंगावर घोंगडी घातली होती.

यावर घर हसलं होतं. पण मग अमावास्येची रात्र आली. बनुबाई पाणी प्यायला उठली, अंधारात रांजणाशी भांडं वाजलं, आणि दुसऱ्या क्षणी लेकानं तिला भिंतीशी दाबून धरलं होतं. त्याच्या हातात खुरपं होतं. "नाथा, आई हाय रं," एवढं ती बोलली म्हणून वाचली. त्यानं खुरपं टाकलं आणि तो लहान मुलासारखा तिच्या पायाशी बसला.

सकाळी कोंडीबा म्हणाला, "ह्या पाण्याच्या पाळीपस्नं तू मळ्यातच ऱ्हा बाबा, खोपीत. भाकरी पोचती करू."

नाथाजीनं मान हलवली. त्यालाही ते पटलं होतं. साळूबाईला मात्र पुढचं सगळं दिसत होतं. एकदा खोपीत गेलेला माणूस पुन्हा घरात येत नाही. आज मळ्याची भाकरी, उद्या कोणी सुचवेल त्या देवळाचा खांब आणि पायात साखळी. तो झोपला तरच घरी येणार होता. म्हणून ती म्हणाली, "मी जाते संगट." आणि कोणी नको म्हणालं नाही.

मळ्यात गार होतं. उसाची पाती एकमेकांवर घासत होती, आणि काळोखात कुठूनतरी पाणी सरीत शिरल्याचा गुळगुळ आवाज येत होता. भिजल्या मातीचा वास नाकात भरला होता. नाथाजी एका सरीचं तोंड खोऱ्यानं बांधायचा, पुढच्या सरीचं मोडायचा आणि पाणी तिकडं वळवायचा. सरी भरेपर्यंत खोपीपुढच्या शेकोटीशी येऊन बसायचा.

"आवं, सरी भरूस्तवर पडा की जरा," साळूबाई म्हणाली. "मी बघते पाण्याकडं."

"पडून काय करू? डोळं मिटलं की कान उघडत्यात."

"काय ऐकू येतं?"

त्यानं काटकीनं विस्तव सारखा केला. मग म्हणाला, "काय बी न्हाई. त्येचंच भ्या वाटतं. कुणाची तरी चाहूल यायला पायजे हुती, ती येत न्हाई."

"कुणाची?"

"जोतीरामची. फलटणकडचा. पहाऱ्याला आमी दोघं जोडीला. अर्धी रात माझी, अर्धी त्येची. लय हसायचा गडी. झोपंतनं उठवला तरी हसतच उठायचा." नाथाजीनं काटकी विस्तवात टाकली. "एका राती माझी पाळी सरली, तरी आला न्हाई. मागं गोळा पडला हुता, तो झोपला हुता तितंच. मला कुटलं म्हाईत... गोळं तर रोजच पडायचं. आता यील, मग यील, म्हणत मी हुबाच. उजाडल्यावर सांगितलं मला."

"मग?"

"मग काय. माझी पाळी कुणी घेतलीच न्हाई." आणि खोरं उचलून तो पाण्याकडे गेला.

साळूबाई खोपीत घोंगडीवर कलंडली. जायफळ, खसखस, तूप... तिला स्वतःचंच हसू आलं, आणि रडूही. यातलं काहीच या दुखण्याचं औषध नव्हतं.

कंदील बांधावर होता, खोपीत अंधार. वारा पडला होता. पाती घासायची थांबली होती.

"नाथा..."

हाक उसातून आली. बांधावरून नाही, उसाच्या आतून. घोगरी, हलकी, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखी.

त्या मुलखात रात्रीच्या पाण्याला जाणारा माणूस दुसऱ्याला तीन हाका मारतो. पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. कारण जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. हे पोराटोरांना ठाऊक असतं. साळूबाई दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. दुसरी हाक आली नाही.

पण पहिल्याच हाकेला नाथाजी बोलला होता. "मी जागा हाय," तो म्हणाला. खणखणीत, पलटणीतल्या आवाजात. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तिला ओरडायचं होतं. ती कुडाला कान लावून पडून राहिली. बाहेर दोघांचं हळू बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी हसलं. तो हसणारा नाथाजी नव्हता.

मग पावलं खोपीकडे आली. एकाचीच. नाथाजी वाकून आत आला. त्याच्या हातात खोरं नव्हतं.

"कोण हाय... बाहीर?" ती कशीबशी पुटपुटली.

"झोपतो गं," तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी आडवा झाला. पाय सरळ व्हायच्या आधी त्याचा श्वास जड झाला. थोड्या वेळानं तो घोरू लागला.

बाहेर खोरं चिखलात रुतल्याचा आवाज आला. सपकन माती पडली. एक सरी बांधली गेली, दुसरी मोडली गेली. पाणी वळलं.

साळूबाईनं नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ वर येत होती, खाली जात होती. इतक्या महिन्यांत तिनं ते पाहिलं नव्हतं. बाहेरचा आवाज सरीसरीनं लांब गेला, आणि मग सरीसरीनं जवळ येऊ लागला. अगदी खोपीच्या कुडाशी येऊन थांबला. कुडाच्या फटीतून वास आला, मातीचा नव्हे. ओल्या लोकरीचा, बंदुकीच्या जळक्या दारूचा. पलीकडं कोणीतरी घोरणं ऐकत उभं होतं.

मग पावलं पुन्हा पाण्याकडे गेली. भीतीनं रडावं की सुखानं, हे न कळून साळूबाई तोंडात पदर कोंबून रडली. रडता रडता तिलाही झोप लागली.

जाग आली ती आप्पासोंच्या बोलण्यानं. खालच्या मळ्याचे आप्पासो, नाथाजीच्या पाठची पाळी त्यांची असायची. ऊन खोपीत आलं होतं.

"काय गड्या, घरजावयासारखा झोपलायस," ते दारात वाकून म्हणाले. नाथाजी नुसता कुशीवर वळला.

साळूबाई डोक्यावर पदर घेत बाहेर आली. ऊस शेवटच्या सरीपर्यंत भिजला होता. "काका, तुमी पाणी कवा घेतलंत?"

"म्हंजी? पहाटं घेतलं की. बांधावर येऊन तीन हाका मारल्या, ह्यो आला, पाटाचं दारं मोडून पाणी दिलं. कंदील इझला हुता, तोंड काय दिसलं न्हाई. बोलला बी न्हाई फारसं, नुसता हसला." आप्पासोंनी खोपीत नजर टाकली. "आवाज लय बसलाय त्येचा, सूनबाई. मिठाच्या गुळण्या करायला लाव."

साळूबाई बांधावरचा विझलेला कंदील आणायला वळली.

त्या दिवशी नाथाजी घरी आला, आणि घरातच राहिला. दिवा मालवायच्या आत घोरायचा. बनुबाईनं मुद्दाम रांजणाशी भांडं वाजवून पाहिलं. तो हलला नाही. तेव्हा ती माउली तिथंच बसून हसत सुटली. कोंडीबा सकाळी अंगणात येऊन सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता आमास्नी झोपायला खोपीत जायला पायजे. ह्यो घोरतोय का गुऱ्हाळाचा चरक फिरतोय?" आणि रंगुबाईनं ठासून सांगितलं की गुण तिच्या खसखशीचाच. साळूबाईनं तिला तसं समजू दिलं. नाथाजीच्या गालावर मांस चढलं. तो एकदा तर हसलासुद्धा.

थंडी वाढल्यावर एका रात्री ती त्याच्या हातांना तेल लावत होती. रापलेल्या मनगटावर तिला गोरा पट्टा दिसला.

"घड्याळ कुटं हाय तुमचं?"

"दिलं की त्येला. त्या राती." नाथाजीनं जांभई दिली. "दोघांत एकच घड्याळ असायचं आमच्या. जो पहारा घेतो त्येच्या मनगटाला. म्हंजी पाळी सरलेली त्येला कळती."

तिचा हात थांबला. "आणि... काय म्हणला तो?"

"काय म्हणणार? झोप, म्हणला. माझी सरली की उठवतो." आणि बोलता बोलताच त्याचे डोळे मिटले.

साळूबाईनं दिवा मालवला. सगळं घर झोपलं होतं. सासरा, सासू, गोठ्यातली म्हैस. ती एकटी अंधारात पडून होती. मग तिला ऐकू आलं. दाराच्या पलीकडं, उंबऱ्याशी, जिथं नाथाजी बसत असे तिथं, बारीक टिकटिक चालली होती.

ती उठली. दार उघडलं नाही. फळीला तोंड लावून, लांबच्या पाहुण्याशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "भावजी... घाई न्हाई. लय दिसांनी झोपल्यात. झोपू द्या त्यास्नी."

टिकटिक थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली.