उशीर गेला कुठे

वैशाखातल्या भर दुपारी युवराज जळगावहून शिंदखेड्याजवळच्या जिनिंगवर पोहोचला. बॅगेत नव्या प्रोसेसरचा बोर्ड होता आणि मनात एवढंच, की दिवस मावळायच्या आत काम उरकून घरचा रस्ता धरायचा.

हंगाम संपलेला. यंत्रांची घरघर थांबली, की जिनिंग उगाचच फार मोठी वाटते. सरकीचा तेलकट वास तेवढा भिंतींना धरून राहतो. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसजवळ म्हातारे फिटर भाईदास नाना स्टुलावर बसले होते. त्यांनी रामराम केला, पाणी दिलं. नजर मात्र दिली नाही.

प्रेसच्या तोंडाशी एक प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. कुणाचा हात आत गेला आणि किरण तुटला, की दोन मिलिसेकंदांत प्रेस थांबली पाहिजे. साधी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या सवडीने चालते, तिला ही घाई जमत नाही. म्हणून जीवराम नावाच्या इंजिनिअरने तिला रिअल-टाइमची जोड लिहिली होती. इथे उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावं लागतं. आता जुना प्रोसेसर बाजारातून गेला होता आणि ती जोड नव्या जातीच्या प्रोसेसरवर ओळीओळीने उतरवायची होती. काम जीवरामचंच, पण जीवराम दोन हंगामांपूर्वी याच प्रेसमध्ये गेला.

कसा गेला, ते एकट्या युवराजला ठाऊक. प्रेस सारखी अडते म्हणून मालकांनी कुरकुर केली, तेव्हा त्याने जळगावच्या ऑफिसात बसल्या बसल्या किरणाच्या राखणीचं काम प्रोसेसरच्या रांगेत सर्वांत शेवटी टाकलं. जीवरामला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी अडकलेला कापूस काढायला जीवरामने हात घातला, आपल्याच प्रोग्रामवर विसंबून. प्रेस थांबली, पण चारशे बारा मिलिसेकंद उशिरा. चौकशीत युवराजने लिहून दिलं : जीवरामचा प्रोग्राम सदोष. मेलेला माणूस काय उत्तर देणार! आणि त्या रात्री या गृहस्थाला छान झोपही लागली.

राखणीच्या भागात जीवरामने आपली बोली वापरली होती. एक ओळ सतत विचारायची, 'शे का?' म्हणजे, आहेस का? राखण जागी असली की उत्तर यायचं, 'शे.' युवराजने प्रश्नाची ओळ नव्या बोर्डवर उतरवली. उत्तर देणारा भाग अजून लिहायचाच होता. प्रश्न नीट जातो का, एवढंच बघायला त्याने बोर्ड सुरू केला.

शे का?

शे.

त्याने वायर तपासली. जुना बोर्ड टेबलावर पालथा पडला होता. उत्तराचा भाग उघडून पाहिला. त्यात एक अक्षर नव्हतं. स्क्रीनवर मात्र ओळीखाली ओळ येत राहिली... शे. शे. शे.

"काय व्हयनं, सायेब?" नानांनी हळूच विचारलं.

"काही नाही. जुनं काहीतरी राहिलंय मेमरीत."

"ऱ्हास," नाना म्हणाले. "बठ्ठं ऱ्हास..." म्हणजे, सगळं राहतं.

युवराजने त्या ओळी पुसून टाकल्या. दात आवळून उरलेलं काम पुरं केलं. मग बोर्ड जोडून प्रेस सुरू केली आणि तुरखाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, किरणात धरली. प्रेस जागच्या जागी थांबली. उशीर : ०. त्याने दहा वेळा पाहिलं. दहाही वेळा शून्य. कुठलंही यंत्र काही ना काही वेळ घेतंच. शून्य कधी येत नाही.

नाना मागे येऊन उभे होते.

"चारशे बारा व्हता ना? मंग तो उशीर गया कोठे...?"

युवराज वळला. तो आकडा त्याने कुठेच लिहिला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जीवराम चाचणीले सोताना हात घाले, सायेब. लाकूड नही."

एवढं झाल्यावर एखाद्याला उपरती झाली असती. युवराजने लॅपटॉप पुढे ओढून अहवाल लिहिला : 'जुन्या प्रोग्राममधला जीवरामचा दोष दूर केला.' मेलेल्याच्या माथी तेच खापर दुसऱ्यांदा फोडलं, आणि पाठवून दिलं.

मग चहाचा ग्लास उचलायला गेला. हात टेबलावरून हललाच नाही. क्षणभराने हलला, आणि ग्लासवर आदळला. चहा सांडला. चटका बसला तेव्हा त्याला हात मागे घ्यायचा होता. तोही उशिरा मागे आला.

त्याने मनातल्या मनात हाताला सांगितलं, मूठ आवळ. हात तसाच. मग आवळला. स्क्रीनवर शून्याच्या जागी आकडा आला : ४१२. पुन्हा सांगितलं. पुन्हा ४१२.

तेवढ्यात फोनवर मालक रुपचंदशेठ यांचा निरोप आला. 'अहवाल मिळाला. शाब्बास! उद्या दहाला सगळ्यांसमोर चाचणी. जीवराम दाखवायचा तसा तुम्हीच हात घालून दाखवा. आहात ना?'

प्रेस थांबवायची की नाही, हे आता कोणाच्या मर्जीवर आहे ते युवराजला पुरतं कळलं होतं. 'नाही' लिहायचं आणि पहिल्या गाडीने जळगाव गाठायचं, असं त्याने ठरवलं. अंगठा फोनवर टेकला. थांबला. नाना श्वास रोखून बघत होते.

युवराजच्या घरात तीन पिढ्यांत ती बोली कुणी बोललं नव्हतं. अंगठा आपणहून हलला, एकच शब्द लिहिला आणि पाठवला.

शे.