जांभळं की निळं?

सगुणाची त्र्यंबकशी ओळख भांडणातून झाली. भांडण तरी कशावरून? बाटलीतल्या पाण्याच्या रंगावरून!

कोलशेतच्या त्या लॅबमध्ये दुर्मीळ धातू एकमेकांपासून वेगळे करायचं काम चाले. त्याला पिंपंच्या पिंपं रॉकेल लागे आणि उरलंसुरलं खाडीत जाई. नौपाड्याचा त्र्यंबक नवीनच आलेला. तो रॉकेलऐवजी वनस्पती तेलाचा द्रव वापरून बघत होता.

"निओडिमियम सुटलं! बघा, निळं!" तो ट्यूबलाइटखालून ओरडला.

सगुणाचं टेबल खिडकीशी. तिनं बाटली घेऊन उन्हात धरली. "जांभळं आहे. डोळे तपासून घ्या."

तो तरातरा खिडकीशी आला... जांभळं! ती ट्यूबखाली गेली... निळं! दोघं हसत सुटले.

"या धातूचा स्वभावच असा," तो म्हणाला. "उन्हात एक, ट्यूबखाली दुसरा."

"माझाही," ती बोलून गेली. "घरी ट्यूब लागली की मी निळी."

आई गेल्यापासून घर तिला खायला उठे. तिचे वडील, अण्णा, भरतीला मासेमारीची होडी काढत. ती एकटीच जेवत असे.

मग तो रोज विचारू लागला, "आज कोणता रंग?" ती "जांभळा" म्हणाली की स्वारी खूश. "निळा" म्हणाली की चहाचे दोन कप आणून मुकाट तिच्यापाशी बसे. रविवारी हे विचारायला कोणी नसे, आणि रविवार तिला सरता सरत नसे.

एक दिवस साहेबांनी ते काम बंद केलं. "तेलाला वेळ फार लागतो. रॉकेलच बरं." त्र्यंबकला केरळातून बोलावणं आलं, तिथे हेच काम पुढे चालणार होतं.

थांबा, असं तिला म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडानं? "जालं कितीबी धू, रॉकेलचा वास जात नाय गो," अण्णा रोज म्हणायचे. तो वास जावा म्हणून तिनंच त्या कामाला जीव लावला होता, आणि ते काम आता केरळातच होणार होतं.

"चाललो," शेवटच्या दिवशी बॅग उचलत तो म्हणाला.

"असं म्हणू नये. येतो म्हणावं."

"येतो म्हटलं, तर यावं लागतं..." तो दारापर्यंत गेला, वळला. "आज... कोणता रंग?"

खिडकीत ऊन होतं. तिच्या हातातली बाटली लख्ख जांभळी दिसत होती.

"निळा," ती म्हणाली.

त्यानं बाटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बॅग खाली ठेवून तो चहाचे दोन कप घेऊन आला आणि तिच्यापाशी बसला.

चहा संपल्यावर उठत म्हणाला, "येतो, सगुणा."

आजवर ती त्याला 'या' म्हणत आली होती.

"ये," ती म्हणाली.