रामेश्वराचा गडू

यातला एक शब्दही पदरचा नाही.

भुतंखेतं फक्त रात्रीच येतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं. कारण हे सगळं घडलं ते भर दुपारी. याच वैशाखात, सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या घरात. ज्या भार्गवीच्या बाबतीत हे घडलं, तिने घरात अजून अवाक्षर काढलेलं नाही.

सासूबाईंचं, म्हणजे रुक्मिणीबाईंचं, वर्षश्राद्ध झालं आणि तिच्या नवऱ्याने, चिंतामणीने, रामेश्वरला जायचं काढलं.

रुक्मिणीबाई नऊ वर्षांपूर्वी काशीला जाऊन आल्या होत्या. येताना त्यांनी तांब्याच्या गडूतून गंगा आणली होती. गडूचं तोंड झाळून पक्कं बंद केलेलं. काशीची गंगा रामेश्वराला वाहिली की यात्रा पुरी होते. त्यांची ती तेवढी राहून गेली. गडू देवघरातच बसून राहिला.

"आईचं एवढं एकच राहिलंय," चिंतामणी म्हणाला. "चार-पाच दिवसांत जाऊन येऊ."

चिंतामणी कॉलेजात हेडक्लार्क. गाडीच्या दोन तास आधी स्टेशनावर जाऊन बसणारा माणूस. त्याने सामानाची यादी केली, मग त्या यादीचीही नक्कल केली. मुलगी दिपाली मोबाईलवर तिकिटं बघत होती. तिथल्या बावीस कुंडांच्या आंघोळीला कपड्यांचे किती जोड न्यायचे, यावरून बापलेकीची चांगलीच जुंपली.

भार्गवी मात्र देवघरातल्या गडूकडे बघत होती.

तिला वर्षापूर्वीची ती दुपार आठवत होती...

त्या दिवशी घरात ती एकटीच होती. सासूबाईंना घरघर लागली. "गंगा... गंगा..." एवढंच त्या म्हणत होत्या. देवघरातली गंगेची छोटी बाटली कधीच आटून गेली होती. रुक्मिणीबाईंनी बोट गडूकडे केलं.

"आई, तो रामेश्वराचा आहे," भार्गवी म्हणाली.

झाळ फोडायला तिचं मन धजलं नाही. तिने पिंपातलं नळाचं पाणी घेतलं. तुळशीचं एक पान घेतलं. तोंड नीट उघडत नव्हतं, म्हणून ते नखाने अर्धं केलं. अर्धं पान आणि चमचाभर पाणी तिने त्यांच्या तोंडात घातलं. दुसरं अर्धं कुठे पडलं, कोण जाणे.

सासूबाईंनी ते पाणी गिळलं नाही.

त्यांनी फक्त तिच्याकडे पाहिलं... आणि त्या गेल्या.

"गंगा दिलीस ना?" धावत आलेल्या चिंतामणीने पहिलं तेच विचारलं.

"हो. बाटलीतली दिली."

शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यात तेवढाच एक आधार. येईल त्याला तो सांगायचा, "आईच्या मुखी गंगा गेली." भार्गवी मान खाली घालायची.

तर, तिकिटं निघाली त्या दुपारची गोष्ट.

अडीच वाजले होते. चिंतामणी ऑफिसात, दिपाली क्लासला. वीज गेली होती, पंखा बंद. घरात चिटपाखरू नाही.

आणि देवघराच्या बाजूने आवाज आला...

घट... घट... घट...

कुणीतरी फार तहानलेलं पाणी पीत होतं.

मग एक लांब सुस्कारा. पाणी पिऊन झालं की रुक्मिणीबाई सोडायच्या, तसाच.

भार्गवी होती तिथेच उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने आत डोकावलं. कुणी नव्हतं. फरशी कोरडी. गडूची झाळ जशीच्या तशी.

तिने गडू उचलला.

हलका होता.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारीही. लॉजची खोली ठरली त्या दिवशी तिने गडू कानाशी धरून हलवला. आत काहीच डुचमळलं नाही...

त्या संध्याकाळी गडू उचलताना चिंतामणीलाही ते कळलं. "झिरपला असणार," तो म्हणाला. "रिकामा गडू घेऊन देवापुढे कसा जाऊ? उघडून भरू आणि पुन्हा झाळून घेऊ." पूजेच्या दुकानातून त्याने गंगेची नवी बाटलीही आणली.

दुसऱ्या दिवशी दोघं तांब्या-पितळेची भांडी झाळणाऱ्या सिद्धरामकडे गेले. स्कूटरवर गडू भार्गवीच्या मांडीवर होता. रिकामा. अगदी दुकानाच्या पायरीपर्यंत रिकामा.

सिद्धरामने झाळ न्याहाळली. "मूळचीच हाय की. कुणी हात लावल्याला न्हाय." त्याने ती वितळवली, झाकण काढलं आणि थांबला.

"रिकामा कशाला म्हनता, सायेब? काठोकाठ भरलाय की."

मग त्याने नाक जवळ नेलं. "काशीचं हाय व्हय हे? आपल्या नळाच्या औषधाचा वास मारतोय."

चिंतामणी वाकून बघू लागला. भार्गवीही वाकली.

पाण्यावर तुळशीचं पान तरंगत होतं.

अर्धंच...

हिरवंगार. कडेला नखाने तोडल्याची खूण.

चिंतामणीने बायकोकडे पाहिलं. "भार्गवी, आईला त्या दिवशी गंगाच दिली होतीस ना?"

हीच वेळ होती खरं सांगायची. तिला ते कळतही होतं. पण त्याचा चेहरा तिला बघवेना.

"हो," ती म्हणाली.

तिचा चेहरा बघून सिद्धरामने माठातलं पाणी पुढे केलं. "वैनी, घ्या. ऊन लई हाय."

तिने मोठा घोट घेतला... आणि जिभेला काहीतरी चिकटलं.

तिने ते हळूच तळहातावर काढलं. तुळशीचं अर्धं पान होतं. तिने मूठ मिटली आणि घरी पोचेपर्यंत उघडली नाही.

चिंतामणीने आणलेली बाटली तशीच परत आली. तो म्हणाला, भरलेल्या गडूत आता आणखी काय ओतायचं? सिद्धरामने आहे त्या पाण्यानिशी गडू पुन्हा झाळून दिला.

आता येत्या वीस तारखेची गाडी आहे. बॅगा भरून दाराशी ठेवल्यात. भार्गवी पाणी दोनदा फडक्यातून गाळून पिते, त्यावरून दिपाली तिला चिडवते. रोज सकाळी ती ठरवते, आज यांना सांगून टाकायचं. तेवढ्यात चिंतामणी फोनवर कुणाला तरी सांगत असतो, "आईच्या मुखी गंगा गेली बरं का." मग ती स्वयंपाकघरात निघून जाते.

काल दुपारी तिने पुसायला म्हणून गडू उचलला.

परवापेक्षा हलका होता.