साच्यातली बोटं

"ताई, बाळाला हात लावू नकोस गं... घाबरेल तो!"

सख्ख्या धाकट्या बहिणीच्या तोंडचे हे शब्द ऐकले आणि ताई उंबऱ्यातूनच माघारी फिरली. जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तिनेच असं म्हणावं! त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला... खऱ्यासारखी बोटं हवीत, म्हणजे भाच्याला जवळ घेता येईल.

आणि आज सिलिकॉनची बोटं घडवणारा कारागीर म्हणत होता, "बाई, एक हात धड असता तर त्यावरून साचा घेतला असता. तुमची तर दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं गेलीत. रक्ताच्या माणसाची चालतील. बहीण आहे?"

आहे... असून नसल्यासारखी! नऊ वर्षांपूर्वी दोघी बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होत्या. ताई कापायच्या यंत्रात कागदाचा गठ्ठा सरळ करत होती, गप्पांच्या नादात धाकटीचा पाय पायडलवर पडला आणि पातं खाली आलं. "माझीच चूक," ताईने सगळ्यांना सांगितलं, अगदी धाकटीलासुद्धा. पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून त्या माउलीने सारं एकटीने गिळलं.

कारागिराने फोन केला तेव्हा धाकटी आली खरी, पण ताईकडे न बघताच तिने दोन्ही हात साच्याच्या गार लगद्यात बुडवले.

"पाच मिनिटं हलायचं नाही," कारागीर म्हणाला. "हललात की साचा बिघडला."

दोन मिनिटंही झाली नसतील, धाकटीचे खांदे गदगदू लागले.

"ताई... पायडलवर माझा पाय होता. मला तेव्हापासून माहीत आहे!"

"गप, वेडे! हलू नकोस!"

"बाळ नाही गं घाबरत... मीच घाबरते! तुझा हात दिसला की ते पातं दिसतं मला!"

धाकटीचे हात लगद्यात अडकलेले. गालांवरचे अश्रू ताईने आपल्या थोट्या हातांनी पुसले. साचा अर्थातच बिघडला.

"आता पोटभर रडून घ्या," कारागीर नवा लगदा कालवत म्हणाला, "माझा माल फुकट जातोय."

तीन आठवड्यांनी ताई नवी बोटं घालून भाच्यापाशी बसली. नखं, सुरकुत्या, सगळं हुबेहूब धाकटीचं! बाळाने ते बोट मुठीत घट्ट धरलं... आणि ताईला काहीच कळलं नाही. ना ऊब, ना पकड! ज्यासाठी जीव टाकला, ते असं मुकं निघावं! तिचा चेहरा उतरला.

धाकटीने ते पाहिलं. तिने ताईच्या हातावरचं बोट अलगद काढलं आणि बाळाची मूठ त्या उघड्या थोट्यावर ठेवली. या वेळी तिने नजर वळवली नाही.

"आता कळतंय, ताई?"

ताईने मान डोलावली.